हिरव्या वावराची आणेवारी

गेल्या पोळ्याला गावी गेलो तेव्हा आठवडाभराची झड नुकतीच थांबली होती. आमचं गाव काटोल तालुक्यात. काळी, भारी जमीन. पाच एकर सोयाबीन, अडीच एकर पऱ्हाटी, मध्ये तुरीची तासं आणि विहिरीजवळ संत्र्याची शंभरेक झाडं. घरी बैल उरले नाहीत, म्हणून मातीच्या बैलजोडीची पूजा झाली आणि दुपारी काका आणि मी वावरात निघालो. पांदण चिखलाने भरली होती. चपला हातात घेऊन धुऱ्याधुऱ्याने चालत गेलो.

मी नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. उपग्रहांची छायाचित्रं घ्यायची, त्यांतून प्रत्येक शेताचा एक आकडा काढायचा आणि तो नकाशावर रंगात दाखवायचा, असं आमचं काम. ‘पिकाची स्थिती’ या रकान्यात कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा, ते ठरवणारा कोडचा तुकडा मी लिहिलेला आहे. धुऱ्यावर उभं राहून मी मोबाइल काढला आणि आमचं वावर शोधलं. गडद हिरवं. खाली अक्षरं : ‘पीक उत्तम’. समोरही हिरवंच दिसत होतं. मी काकांना कौतुकाने दाखवलं.

काकांनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “वरून हिरवं दिसते ना? आता उपटून पाह्य.”

मी एक झाड उपटलं. फार जोर लावावाच लागला नाही. मुळं काळपट, मऊ पडलेली. शेंगा होत्या, पण चपट्या. बोटाने दाबल्यावर आत दाणा लागत नव्हता. सोयाबीनच्या ओळींमधली जी हिरवळ मी पीक समजत होतो, तिच्यात निम्मं तण होतं. पावसाने पंधरा दिवस निंदायला उसंत दिली नव्हती आणि वाफसा नसल्यामुळे डवराही घालता आला नव्हता. पाणी साचलं की काळ्या मातीतली हवा संपते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना ती हवा लागते. गाठी मेल्या की पानं काही दिवस हिरवी राहतात, पण दाणा भरत नाही.

“पटवारी येऊन गेले का?” मी विचारलं.

“आले होते. रोडवरूनच पाह्यलं. त्याईलेही हिरवंच दिसलं.”

त्या दिवशी लाज वाटली ती याची, की गाडीतून न उतरणारा माणूस आणि मी एकच काम करत होतो. फरक इतकाच, की त्याचा रस्ता शेतापासून पन्नास फुटांवर होता आणि माझा सातशे-आठशे किलोमीटर उंचीवर. नागपूरला परतल्यावर मी एक गोष्ट शोधायला लागलो : शेताकडे लांबून बघून त्याचा आकडा लावायची ही पद्धत आली कुठून? रात्री जागून जे वाचलं, त्यातलं काही इथे मांडतो आहे.

*

आधी आजची पद्धत सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला ती माहीत असेलच असं नाही. आपल्याकडे खरिपाची पैसेवारी तीनदा जाहीर होते. ३० सप्टेंबरला नजरअंदाज पैसेवारी, ३१ ऑक्टोबरला सुधारित, आणि आमच्या विदर्भात ३१ डिसेंबरला अंतिम. पहिलीच्या नावातच तिची रीत आहे : नजरेने केलेला अंदाज. गावाचं सर्वसाधारण पीक म्हणजे १०० पैसे धरायचे आणि यंदा त्यातले किती पैसे आले ते सांगायचं. ५० पैशांच्या आत आकडा आला, की जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, मुलांची परीक्षा फी, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत अशी दारं उघडतात. ५१ आला तर ती बंद.

याशिवाय आणखी दोन हिशोब चालतात. एक पंचनाम्याचा : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी, आणि शेतातलं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत. २०१५ पर्यंत हीच अट ५० टक्क्यांची होती. दुसरा हिशोब पीकविम्याचा : त्यात मंडळातल्या मोजक्या शेतांवर पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांच्या सरासरीवर सगळ्या मंडळाचं नशीब ठरतं. म्हणजे एकाच वावराकडे तीन डोळे बघतात. एक गाव बघतो, एक शेत बघतो, एक मंडळ बघतो. तिघांचे आकडे जुळतीलच असं नाही आणि शेतकऱ्याला कोणत्याच डोळ्यात वाकून बघता येत नाही.

पैसेवारी हा शब्द तसा नवा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याच्या आधी ती आणेवारी होती. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. आणा व्यवहारातून गेला त्याला साठ वर्षं उलटून गेली, पण आमच्या गावात आजही पारावर बसलेली माणसं “औंदा आणेवारी किती लागली?” असंच विचारतात.

*

पिकाचा आकडा सरकारला का हवा होता? दोन कारणांसाठी : सारा आणि बाजार.

बाजाराचं कारण आमच्या भागात जास्त ठळक. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडकला आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६० च्या दशकात हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून नेमला गेला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. रेल्वेच्या सोबत तारायंत्र आलं. आता वऱ्हाडात पऱ्हाटीला बोंडं किती धरली ही बातमी लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला भाव ठरवण्यासाठी हवी होती, आणि ती कापूस गाडीत चढायच्या आधीच हवी होती. १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, म्हणजे गरजू आता घरातही झाले. पुढे कापसाच्या अंदाजपत्रकांची ठरलेली मालिकाच झाली : ऑगस्टमध्ये पहिलं, मग ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी. आजच्या पैसेवारीच्या तारखा वाचताना मला ती मालिका आठवते.

साऱ्याचं कारण जुनं. १८८० च्या दुष्काळ आयोगाने सांगितलं, की सरकारला पिकांची नीट माहितीच नसते, म्हणून दुष्काळ कळतो तो माणसं मरायला लागल्यावर. त्यानंतर प्रांतोप्रांती शेतीखाती उभी राहिली, पटवाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, हंगाम आणि पिकांचे वार्षिक अहवाल निघू लागले. एकूण उत्पादन काढायचं सूत्र सोपं होतं. पेरलेलं क्षेत्र, गुणिले सर्वसाधारण एकरी उत्पन्न, गुणिले यंदाची आणेवारी. तीन आकड्यांचा गुणाकार.

प्रोग्रामर म्हणून हे सूत्र मी ताबडतोब ओळखलं, कारण आमच्या कंपनीतलं सूत्र याचंच भावंडं आहे. त्यातला दोषही ओळखला. पहिला आकडा बऱ्यापैकी पक्का असे. मध्य प्रांतात पटवारी शेताशेतात फिरून खसऱ्यात नोंद करत. पण दुसरा आणि तिसरा आकडा? ‘सर्वसाधारण’ पीक म्हणजे काय यावरच एकमत नव्हतं. काही प्रांतांत सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण, काही ठिकाणी बारा. कुणी त्याचा अर्थ सरासरी घेई, कुणी बऱ्या वर्षाचं पीक. आणि आणेवारी तर सरळ नजरेची. पटवाऱ्याची नजर तहसीलदाराकडे जाई, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूरच्या सचिवालयात. प्रत्येक पायरीवर आकडा थोडा गुळगुळीत होई. वर पोचेपर्यंत त्याला इतकी शिस्त आलेली असे, की त्याचा जन्म एका माणसाच्या अंदाजात झाला आहे हे कुणाला आठवत नसे.

*

हा नुसता कागदी दोष नव्हता. १८९० च्या दशकात मध्य प्रांतात जे झालं, त्याने तो दिसला.

दुष्काळ म्हटलं की आपल्याला कोरडं आभाळ आठवतं. पण मध्य प्रांताच्या त्या दशकाची सुरुवात पावसाने झाली. १८९३ पासून सलग दोन-तीन वर्षं सागर, दमोह, जबलपूर या गव्हाच्या जिल्ह्यांत अवेळी आणि जास्तीचा पाऊस झाला. गव्हावर तांबेरा पडला, जवस गेलं. शेतं ओली होती, हिरवीही होती, पण ओंबीत दाणा नव्हता. याच काळात प्रांतात नवी जमाबंदी होऊन सारा वाढलेला. कुळांनी बियाण्यासाठी कर्ज काढलं, मग ते फेडायला बैल विकले. घरातली कणगी रिकामी झाली ती पावसाच्या वर्षांत. मग १८९६ ला पाऊस वेळेआधी थांबला आणि धान वाळलं. १८९९ ला पावसाने पुन्हा दगा दिला, या वेळी फार मोठा. १९०१ च्या शिरगणतीत मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली आढळली.

एखाद्या प्रदेशात दहा वर्षांनी माणसं कमी भरतात याचा अर्थ काय, ते मी दोनदा वाचून मग समजून घेतलं. आणि मला पटलं ते हे, की त्या माणसांचा आधार ओल्या वर्षांनी आधीच काढून घेतला होता. कोरडं वर्ष दिसतं. करपलेलं शेत लांबून ओळखू येतं. ओल्या वर्षाचं नुकसान हिरव्या पानांखाली असतं. ते बघायला वाकावं लागतं.

*

नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. पण आणेवारीवरून ज्या लढाया झाल्या त्या तिकडे झाल्या, म्हणून थोडं तिकडे जाऊ.

पहिली १८९६ ची. पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागण्याचा हक्क दुष्काळ संहितेतच आहे, हे टिळकांच्या ‘केसरी’ने आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसं पाठवून शेतकऱ्यांना सांगितलं. यात राजद्रोह काही नव्हता. सरकारचेच नियम मराठीत सांगितले जात होते. तरी सरकारला ते सोसलं नाही, आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली. नियम आहेत हे लोकांना कळणं हीच अडचण होती.

दुसरी लढाई गुजरातेत, खेडा जिल्ह्यात. आपण शाळेत ‘खेडा सत्याग्रह’ एका ओळीत शिकतो : पीक बुडालं, गांधीजींनी साराबंदी केली. ते पीक कशाने बुडालं होतं, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. ते अतिवृष्टीने बुडालं होतं. १९१७ च्या पावसाळ्यात खेड्यात पाऊस थांबेचना आणि खरीप कुजला.

मुंबई सरकारचा नियम स्पष्ट होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आणे असेल तर निम्मा तहकूब. म्हणजे सगळा वाद एका आकड्याचा. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत वर. जिल्ह्यातल्या सहाशेच्या आसपास गावांपैकी पूर्ण तहकुबी एका गावाला मिळाली, निम्मी शंभराच्या वर गावांना, बाकीच्यांना काहीच नाही. विठ्ठलभाई पटेल आणि गोकुळदास पारेख यांनी मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य म्हणून दाद मागितली. भारत सेवक समाजाकडून गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर चौकशीला गेले. यातले दोघे आपल्याकडचे. मग गांधीजी आणि वल्लभभाई सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव हिंडले आणि पिकाचा स्वतःचा अंदाज काढला.

मला यात थांबवलं ते गांधीजींच्या मागणीने. ‘आमचा आकडा खरा माना’ एवढ्यावर ते अडून बसले नाहीत. वाद आहे ना, मग पंच नेमा, लोकांचे प्रतिनिधी घेऊन चौकशी करा, असं त्यांनी मागितलं. सरकारचा अंदाज चुकीचा ठरला असता तर काही लाखांचा सारा पुढच्या वर्षावर गेला असता, एवढंच. पण आयुक्त प्रॅट यांना हे मान्य होणं शक्य नव्हतं. आकडा कोण ठरवतो यात पंच आला, की आकडा सरकारचा राहत नाही. २२ मार्च १९१८ ला नडियादला प्रतिज्ञा झाली, जप्त्या सुरू झाल्या, गुरंढोरं आणि भांडी गेली. मोहनलाल पंड्यांनी जप्त केलेल्या शेतातला कांदा काढून नेला आणि ते ‘कांदाचोर’ म्हणून प्रसिद्ध झाले. जूनमध्ये तडजोड झाली : ऐपत असलेल्यांनी भरावं, गरिबांचा तहकूब. शेवट गांधीजींनाही फारसा समाधानकारक वाटला नाही. आणि खेड्यात पीक नेमकं किती आणे होतं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोन्ही बाजूंकडे नजरच होती. मोजमाप कुणाकडेच नव्हतं.

*

मोजमाप आलं ते वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर आमचा वऱ्हाडही लागतो.

बिहार-ओरिसा प्रांतात जॉन हबॅक नावाचा सनदी अधिकारी होता. पुढे तो ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला. १९२३ ते १९२५ या काळात त्याने भाताच्या पिकावर एक प्रयोग केला. तोवर पीक कापून बघायची पद्धत होती, पण शेत निवडायचा अधिकारी. ‘सरासरी’ दिसणारं शेत निवड, असं त्याला सांगितलेलं असे. सरासरी कसं दिसतं हे ठरवायला पुन्हा नजरच. हबॅकने निवड नजरेकडून काढून घेतली. जागा यादृच्छिक पद्धतीने ठरवायची, तिथे छोटी त्रिकोणी चौकट ठेवायची, तिच्यातलं भात कापायचं आणि वजन करायचं. चौकट इतकी लहान, की तिचं क्षेत्र एकराचा ३२०० वा भाग. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशरने हबॅकच्या या कामाची दखल घेतली.

१९४० च्या दशकात हे काम जोरात सुरू झालं. महायुद्ध चालू होतं, बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि देशात धान्य किती आहे हेच कुणाला सांगता येईना. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले होते. कृषी संशोधन परिषदेतून त्यांनी प्रांतोप्रांती यादृच्छिक पीक कापणीची पाहणी उभी केली. कापसावर विनायक गोविंद पानसे यांनी अकोला जिल्ह्यात सुरुवात केली. त्यांच्यासोबत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्यातले आर. जे. कळमकर होते, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात शिकून आलेले. पानसे आणि कळमकरांनी १९४४ मध्ये पिकाच्या अंदाजावर मिळून लेख लिहिला. ज्या अकोल्याचा कापूस लिव्हरपूलसाठी नजरेने मोजला जायचा, त्याच अकोल्यात तो पहिल्यांदा तराजूने मोजला जाऊ लागला.

या मंडळींचा एक वाद इंजिनिअर म्हणून मला फार आवडला. कलकत्त्याला महालनोबीस पीक कापायला लहान वर्तुळं घेत. कामाला सोपी, जास्त जागी घेता येतात. सुखात्मे म्हणाले, लहान तुकड्यात आकडा फुगतो. का? तुकड्याच्या कडेवर जे झाड येतं ते आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावं लागतं आणि माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी कड मोठी आणि चूकही मोठी. उत्तर प्रदेशात त्यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे घेऊन हे दाखवलं. महालनोबीसांच्या बाजूने अर्थातच प्रतिवाद झाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन मोठी माणसं धुऱ्यावरच्या एका झाडाबद्दल भांडत होती. ते झाड कुणाचं, या प्रश्नात कित्येक गावांची मदत अडकलेली असते.

*

आजचा पीक कापणी प्रयोग हा या लोकांचा वारसा. आणि माझं काम त्याच्या पुढचं, निदान मला तसं वाटत होतं.

काय सोपं झालं आणि काय नाही, ते सांगतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकातून ‘एनडीव्हीआय’ नावाचा आकडा निघतो. सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह दर पाच दिवसांनी तुमच्या शेतावरून जातात आणि दहा मीटरचा एकेक चौकोन टिपतात, तोही फुकट. पण झड लागलेली असताना वर ढग असतात, आणि ढगाखालचं त्यांना दिसत नाही. म्हणजे नेमकं जेव्हा बघायची गरज, तेव्हाच डोळा बंद. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांतून आरपार बघतो, साचलेलं पाणी ओळखतो, पण शेंगेत दाणा आहे का हे त्यालाही कळत नाही. आभाळ उघडेपर्यंत तण माजलेलं असतं. दाट हिरवळीत एनडीव्हीआयचा आकडा एका मर्यादेनंतर हलतच नाही. त्या आकड्यासाठी तणही पान आणि सोयाबीनही पान.

या तंत्राचा मी शत्रू नाही, पोट त्यावरच आहे. आमच्या नागपुरातच महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. पेरणीचं क्षेत्र, पुराची हद्द, दुष्काळाचा पसारा हे उपग्रहाने जितकं नीट कळतं तितकं पटवाऱ्याच्या पायांनी कधी कळलं नसतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचा फोटो आणि नोंद भरतो. खेड्यात गांधीजींनी जी दुसरी नजर मागितली होती, तिचा हा लहानसा तुकडा म्हणायला हरकत नाही. ग्राम पैसेवारी समितीत सरपंच आणि गावचे शेतकरी असतात, तोही तसाच. पण शेतकरी काय पेरलं ते भरतो. काय पिकलं ते ठरवणारे दुसरेच असतात.

आणि ‘सर्वसाधारण’चा प्रश्न अजून तिथेच आहे. विम्यात त्याला उंबरठा उत्पन्न म्हणतात. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, सरासरी काढायची आणि तिला जोखीम स्तराने, आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणायचं. वाईट दोन वर्षं सोडून दिली, ठीक. पण तिसरंही वाईट गेलं तर? चौथंही? मग वाईट वर्षंच उंबरठ्यात जातात, उंबरठा खाली येतो आणि भरपाई मिळणं अवघड होतं. २०२३ ला आमच्याकडे सोयाबीन पिवळ्या मोझॅकने आणि मूळकुजीने गेलं. त्याआधी २०२२ ला अतिवृष्टी होती. सलग मार खाल्लेल्या गावाचं ‘सर्वसाधारण’च लहान होत जातं. १८९० च्या सागर-दमोहमध्ये बहुधा असंच काही चाललं असावं. आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यात विम्याची भरपाई फक्त कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठेवली गेली, स्थानिक आपत्तीची वेगळी तक्रार करायची सोय काढली गेली. म्हणजे मंडळाच्या सरासरीत ज्याचं वावर बुडलं, त्याचं बुडणं कागदावर येण्याची एक वाट कमी झाली.

*

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणीला आलं तेव्हा मी पुन्हा गावी गेलो. नजरअंदाज पैसेवारी तोवर लागली होती. आमचं गाव ५० च्या वर. मी काकांना म्हणालो, “आपण आपल्यापुरतं मोजू या.” कागदोपत्री त्याचा उपयोग शून्य होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. काका हसले, पण दोर आणि चार खुंट्या त्यांनीच काढल्या.

कुठे मोजायचं ते मोबाइलने ठरवलं, यादृच्छिक आकडे काढून. पहिली जागा वावराच्या चांगल्या कोपऱ्यात आली, तेव्हा काकांचा चेहरा पडला. “इथचं कायले घेतं? खाली पाह्य ना, पाणी साचलं होतं तिथं.” मी म्हटलं, काका, आपण निवडायचं नाही. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी खुंट्या ठोकल्या. पाच मीटर बाय पाच मीटरचे तीन चौकोन. दोराच्या बरोबर खाली आलेल्या झाडांवरून आमचं अर्धा तास बोलणं झालं. काका ती बाहेर ढकलत होते, माझा हात आत ओढत होता. सुखात्म्यांची आठवण आली. झोडपून, पाखडून काकूंनी वजन केलं. दीड किलो, सातशे ग्रॅम, एक किलो चारशे. हिशोब केला तर एकरी दोन क्विंटलच्या जरा खाली.

झड थांबली तेव्हा काका म्हणाले होते, एकरी पोतंभर होईल, म्हणजे क्विंटलभर. त्याच वेळी माझ्या कोडने लावलेला अंदाज सहा क्विंटलच्या वर होता. बऱ्या वर्षी आमच्याकडे सात होतात. काकाही चुकले होते. बुडालेल्या माणसाची नजर खाली बघते, साऱ्याची काळजी असलेल्याची वर. खेड्यातही असंच झालं असेल. पण काकांची चूक एका क्विंटलची होती, माझी चाराची.

सोमवारी ऑफिसात मी ‘पीक उत्तम’ हे शब्द काढून टाकायचा प्रस्ताव ठेवला. त्याऐवजी ‘हिरवळ दाट’ असं लिहावं, आणि मागच्या पंधरा दिवसांत अतिवृष्टी झाली असेल तर खाली एक ओळ यावी : शेतात जाऊन पाहणी आवश्यक. बैठकीत विचारलं गेलं, की ग्राहकाला एक ठाम शब्द हवा असतो, ‘हिरवळ दाट’चं तो काय करणार? हा प्रश्न तारायंत्राइतका जुना आहे, असं मी म्हणालो नाही. प्रस्ताव अजून यादीत आहे.

काकांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “ते राहू दे. ३१ तारखेले सुधारित लागते. तवा तू सुट्टी काढून ये. समितीसमोर आपले तीन आकडे सांगू.” मी रजेचा अर्ज टाकला आहे.